फांद्यांतले निळे मासे

कल्याणीला पोहायला शिकवलं तिच्या वडिलांनी, खडकीच्या एका तलावावर. तेव्हा ती विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला होती, म्हणजे पोहायला शिकायचं वय केव्हाच उलटलेलं. तिचे वडील कचरू कारखान्यात फिटर होते आणि नांदेडकडच्या गावातल्या विहिरीत पोहायला शिकले होते. कारखान्यातली पाळी संपली की ते तिला घेऊन जायचे आणि काठावरून सांगायचे, "पाण्याशी भांडू नकोस. अंग सोड."

या खटाटोपाचं कारण होत्या हेमा मॅडम. त्या लक्षद्वीपच्या प्रवाळांवरच्या माशांचा अभ्यास करत. पुण्यात बसून समुद्राचं काम, म्हणून विभागात त्यांची थट्टा व्हायची. एक सर तर तोंडावर म्हणाले होते, "मासेच मोजायचेत ना? गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जा. तिथले हलत नाहीत." मॅडमनी ते ऐकून घेतलं आणि कल्याणीला आपल्या कामात घेतलं.

ते नव्वदीचं दशक होतं. वर्गातल्या निम्म्या मुली संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला पळायच्या. कल्याणी मात्र कोचीपर्यंत गाडीने आणि पुढे जहाजाने, ओकाऱ्या काढत बेटावर पोचली.

मॅडमचा प्रश्न साधा होता. माशांची पिल्लं भरसमुद्रातून दर हंगामात वाहत येतात, मग प्रवाळावर कुठे गर्दी आणि कुठे शुकशुकाट, असं का? बेटालगतच्या उथळ पाण्यात दोघींनी वाळूवर मेलेल्या प्रवाळाचे ढीग रचले. काही ढीग तसेच ठेवले, काहींवर फांद्याफांद्यांचं जिवंत प्रवाळ बसवलं. नखाएवढी निळी पिल्लं सगळ्याच ढिगांवर आली. उघड्यावरची बघता बघता मोठ्या माशांच्या पोटात गेली. फांद्यांत शिरलेली तेवढी टिकली. पण फांद्या भरल्यावर तीच आतली मंडळी नव्यांना हुसकावून लावू लागली.

कल्याणीने एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. "बाबा, जागा असेल तेवढेच मासे राहतात."

पलीकडून वडील शांतपणे म्हणाले, "मग आपण सहा जण एका खोलीत कसे राहिलो, ते विचार तुझ्या मॅडमना."

मॅडम त्यावर खूप हसल्या होत्या.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरंफटक पडलं. निळे मासे काही आठवडे त्या पांढऱ्या फांद्यांनाच धरून होते. जाणार तरी कुठे? मग फांद्यांवर शेवाळ चढलं, लाटांनी त्या मोडल्या आणि मासे दिसेनासे झाले. पुढच्या हंगामात कल्याणी पुन्हा पाण्यात उतरली. वर आल्यावर तिने मोजणीची कोरी पाटी मॅडमपुढे धरली.

मॅडम म्हणाल्या, "पिल्लं येतायत गं. उतरायला जागाच नाही."

मॅडमच्या कामाला पैसे देणाऱ्यांनी ते बंद केलं. वडील निवृत्त झाले होते, धाकटी भावंडं शिकत होती. कल्याणीने कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि काही वर्षांनी खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायला लागली. नोकरी चांगली होती, तिची तक्रार नव्हती. पण दुपारी, सगळे मान खाली घालून काम करत असताना तिला ओठांवरचं मीठ आठवायचं. पोपटमासे प्रवाळ कुरतडायचे, तो पाण्याखालचा कटकट आवाज आठवायचा. शेजारच्या टेबलावरच्या नम्रताला ती एकदा सांगायला गेली. नम्रता म्हणाली, "सो क्यूट." कल्याणीने विषय बदलला.

दहाएक वर्षांनी मॅडमचा फोन आला. "फांद्या वाढल्यात. बघून जा."

कल्याणीने रजा टाकली आणि वडिलांना बरोबर घेतलं. आई, जयाबाई, आली नाही. "मला कात्रजच्या घाटातसुद्धा गाडी लागते," म्हणाली.

काचेच्या तळाच्या होडीत वडील गुडघ्यांवर हात टेकून वाकून बसले. खाली पूर्वीइतकं प्रवाळ नव्हतंच. मोठाले पट्टे अजून ओसाड होते. पण मध्येच एक हिरवट झुडूप आलं आणि होडीची सावली पडताच निळ्या माशांचा थवा सर्रकन फांद्यांत शिरला.

"हेच का ते?"

"हेच, बाबा."

"कुणी लावलं हे परत?"

"कुणी नाही. आपलं आपण वाढलं."

कल्याणीला रडू आलं, पण तिने ते लपवलं नाही.

त्यानंतर ती नोकरीत राहूनच दरवर्षी रजा साठवायची आणि हंगाम आला की मॅडमबरोबर मोजणीला जायची. वडील बुद्धविहारात भेटेल त्याला सांगायचे, "पोरगी माशांची शिरगणती करते. सरकारी नाही, हौसेची."