मोडेमच्या तारेला खोबरेल

मला कोकणात, मिठबावात राहता आलं ते टेलिफोनच्या लाइनमन काकांमुळे. म्हणून आधी त्यांचं सांगतो. बुटके, कमरेला तपासणीचा फोन लटकवलेला, आणि स्कूटर नेहमी उतारावर लावायचे, कारण ती ढकलल्याशिवाय चालू होत नसे.

मी जालन्याकडचा. शाळा सातवीत सोडलेली. विशीत फिरत फिरत इथे एका ख्रिस्ती बाईंच्या घरी कामाला लागलो. बाई म्हाताऱ्या, पूर्वी शिक्षिका, घरात एकट्या. मुलगा मस्कतला. गावात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. मुलानं ते घेऊन दिलं, म्हणजे दर रविवारी जेवणानंतर आई त्याला कॅमेऱ्यावर दिसेल. कॉम्प्युटर पुसायचं, चालू करायचं काम माझं.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी शिकवलं, "झिला, हंयचो वारो खारो. लोखंडाक दर शनवारी खोबरेल लाव." कुलपं, शिलाई मशीन, खिडक्यांच्या कड्या, मी सगळ्याला लावायचो. मोडेमच्या तारेच्या टोकाला चकाकणाऱ्या पिना दिसल्या, त्यांनाही लावलं. भिंतीवरच्या फोनच्या डबीतही बोट फिरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. जास्तीचं काम केलं तर ठेवून घेतील, एवढंच डोक्यात असायचं.

पावसाळा संपता संपता मोडेमवरचा लिंकचा दिवा नुसता लुकलुकायला लागला. स्थिर होईना. तक्रारीच्या नंबरवर सांगत, मोडेम बंद करा, थोडं थांबा, चालू करा. केलं. पुन्हा केलं. तार काढून पुसली, परत लावली. शनिवार आला तसं तेलही लावलं. फोन उचलला तर नुसती खरखर.

दोन रविवार असेच गेले. मग बाईंच्या मोबाइलवर मुलगा मोठ्यानं बोलताना ऐकू आला. "त्या नव्या गड्यानंच काहीतरी केलं असणार. तसं निघालं तर पाठव त्याला घरी."

घरी म्हणजे कुठे, हे त्याला कुठे माहीत होतं. मी ताट पुसत होतो. काही वाटलं नाही. तेच ताट पुसत राहिलो.

काका आले ते त्याच आठवड्यात. आधी खांबावरच्या डब्यात फोन लावून ऐकलं. "हंयसर बरा आसा. जा काय आसा ता घरातच." आत येऊन भिंतीवरची डबी उघडली. आत हिरवट, चिकट काहीतरी साचलेलं. बोटावर घेऊन त्यांनी वास घेतला. माझ्याकडे बघितलं.

"फोडणी घातलंस काय रे?" हळूच म्हणाले.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

दारातून बाईंनी विचारलं, "काय झाला हो?"

"खारो वारो, बाईनू. पिना खाल्ल्यान."

तारेचं टोक कापून त्यांनी नवीन पिन दाबून बसवली, डबी बदलली. दिवा लुकलुकला, लुकलुकला, मग स्थिर झाला.

बाईंनी लगेच मुलाला फोन लावला. त्याला लाइनमनशीच बोलायचं होतं. काका मोबाइल कानापासून जरा लांब धरून उभे राहिले. एवढे दिवस करता काय तुम्ही, लाइन कधी तपासता का, सगळं मला ऐकू येत होतं.

"होय साहेब," काका ऑफिसातल्या मराठीत म्हणाले. "चूक आमचीच. यापुढे लक्ष ठेवतो."

बाहेर सोडायला गेलो.

"तू खंयचो रे?"

"जालन्याचा."

"मोसंबीवालो! भियां नको. लोखंडाक तेल, तारेक नको." आणि स्कूटर उतारावरून सोडली. मी आभारसुद्धा मानले नाहीत. तोंड उघडलंच नाही.

रविवारी मुलगा पडद्यावर दिसला. बाई बराच वेळ नुसत्या हसत होत्या. मी मागे उभा होतो.

त्या घरात मी पुढे चार वर्षं राहिलो. काकांची बदली सावंतवाडीकडे झाली, असं नंतर कळलं. त्या दिवशीची बोलणी माझ्या वाट्याची होती, ती त्यांनी खाल्ली. मस्कतला बाईंच्या मुलाला फोन करून, तारेला तेल मीच लावलं होतं, हे सांगायचं अजून राहिलंय. ते सांगेन. मग जालन्याच्या मोसंब्यांची पेटी घेऊन सावंतवाडीत काकांचं घर शोधेन, आणि या वेळी तोंड उघडेन.