सगळ्या वायरी काळ्या

मिस्त्री ट्रकच्या केबिनमध्ये डॅशबोर्डखाली उताणा पडून काम करत होता. पाय तेवढे दारातून बाहेर लोंबत होते. त्याची बायको दुकानाच्या मागच्या बाजूला स्पीकरच्या लाकडी पेटीवर कापड चिकटवत बसली होती. गल्लीतली लहानथोर सगळी तिला वहिनीच म्हणत. चहा झाल्याचं तिने आवाज देऊन सांगितलं, पण उत्तर आलं नाही. कामात हाक मारलेली त्याला चालत नसे, म्हणून ती पुन्हा बोलली नाही. चहावर साय धरली तेव्हा तिने उठून त्याच्या तळव्याला गुदगुली केली. पाय हलला नाही.

हॉस्पिटलमधून तो घरी आला तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय अर्धांगाने गेलेले होते, आणि तोंडात एकच शब्द उरला होता. पाणी हवंय का? हो. पाणी नकोय का? हो. ही कोण, ओळखलंत का? हो. नुसती मान हलवा म्हटलं तरी प्रत्येक प्रश्नाला मान वरखालीच व्हायची. डॉक्टरीणबाईंनी वहिनीला समजावलं, की बोललेलं त्यांना बरंचसं कळतं, पण आतलं बाहेर यायची वाट बंद झाली आहे. उघडेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. वहिनीने त्याच्या डाव्या हातात पेन दिलं. त्याने कागदभर वेटोळी काढली, मग पेन भिरकावून दिलं.

आणि हा माणूस एरवी ‘नाही’शिवाय तोंड उघडत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, मोठा स्पीकर बसवा. हा म्हणायचा, नाही, गाडीला झेपणार नाही. त्याची बहीण म्हणायची, दादा झोपेतसुद्धा कुणाशी तरी वाद घालतो. आता तीच बहीण रोज येऊन त्याला भरवायची आणि न्हाणीघरात जाऊन रडायची.

घरातलं एक दुखणं, तर दुकानात दुसरं उभं होतं. दुकान एका गाडीपुरतं. त्यात तो ट्रक, पोट फाडून ठेवलेल्या जनावरासारखा. डॅशबोर्ड काढलेला, दारांचे पत्रे उघडे, आणि स्टिअरिंगखाली वायरींचा हा एवढा गुंता. ट्रक सुरू होत नव्हता, म्हणून बाहेर काढता येत नव्हता. तो बाहेर निघत नव्हता, म्हणून दुसरं काम आत घेता येत नव्हतं.

ट्रक ज्याचा होता, तोच चालवायचा. त्याला म्हणायचे पैलवान, आणि अंगावर मांस म्हणाल तर चिमटीत सापडणार नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. बायकोपोरं नव्हती. ट्रकच त्याची भाकरी आणि ट्रकच त्याचं अंथरूण. आयुष्यभर एका खरखरत्या रेडिओवर गाणी ऐकत मुलुख पालथा घातला, आता एकदा तरी गाणं नीट ऐकायचं, अशी त्याची हौस. दारांत स्पीकर, सीटच्या मागे पेटी, सगळं मिस्त्रीच्या हातचं हवं होतं.

काम घेतलं तेव्हा मिस्त्रीने आतलं वायरिंग पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ट्रक तिघांच्या हातून फिरून आलेला, प्रत्येकाने आपापल्या परीने ठिगळं लावलेली. घर गळतंय आणि तुम्हाला झुंबर टांगायचंय, असं म्हणून त्याने जुन्या कुजक्या वायरी उपटून काढल्या आणि नवीन ओढायला घेतल्या. बाजारात तेव्हा काळीच वायर मिळाली. वहिनीने सुचवलं होतं, टोकांना चिठ्ठ्या लावून ठेवू. मिस्त्रीने कपाळावर बोट आपटलं होतं. “नाही, चिठ्ठ्या कशाला? सगळं इथे आहे.”

ते तिथेच राहिलं होतं.

पैलवान रोज येऊन उपड्या डब्यावर बसायचा. कधी एका शब्दाने टाकून बोलला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर वहिनीला सोपं गेलं असतं. तो स्वतःच्या बहिणीच्या ओसरीवर झोपत होता, तिथल्या मेहुण्याची तोंडं वाकडी व्हायला लागली होती. एक दिवस त्याने खाली बघतच सांगितलं, ज्यांचा माल तो न्यायचा त्यांनी दुसरी गाडी लावली. वहिनीने पलीकडच्या रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनचे पाय धरायचे बाकी ठेवून त्याला आणलं. त्याने टेस्टर लावला, दोन टोकं जोडली, आणि डॅशबोर्डमागून धूर निघाला. हे मुळापासून उपटावं लागेल आणि मला सध्या सवड नाही, एवढं सांगून तो हात पुसत गेला.

घरी वहिनीने एकेक वायर कागदावर काढून मिस्त्रीला दाखवली. ही चावीची का? हो. मग ही चावीची का? हो. तिने कागद फाडला. दुसऱ्या दिवशी ती नणंदेला म्हणाली, यांना दुकानात नेते.

नणंद आडवी झाली. जिथे दादा पडला तिथेच त्याला परत बसवणार? माणूस आहेस की कोण? वहिनीने ऐकून घेतलं आणि त्याच्या पायात चप्पल चढवायला लागली. तिच्यापाशी दुसरं काही उरलंच नव्हतं.

पैलवान आणि शेजारचा शिंपी, दोघांनी मिळून मिस्त्रीला केबिनमध्ये चढवला. कलंडू नये म्हणून कमरेला ओढणीने सीटला बांधला. त्याने गुंत्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. वहिनी त्याच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. आजवर तिने फक्त पेट्यांना कापड लावलं होतं. वायरीला हात लावायचा नाही, असा त्याचा दंडक. तिने एक टोक उचलून त्याच्यासमोर धरलं.

“ही चावीला जाते?”

“हो.”

“का ही?”

“हो.”

तिसरी, चौथी, पुन्हा पहिली. हो, हो, हो. आवाज शांत, चेहरा शांत, जणू गंमत चालली आहे. पैलवान दारात उभा होता, त्याने नजर वळवली. आणि वहिनीचं डोकं फिरलं. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याशी अहोजाहो सोडून कधी बोलली नव्हती.

“एकदा तरी नाही म्हण ना रे,” ती म्हणाली. “जन्मभर नाही म्हणालास. आता एकदा म्हण. मी काय करू, कुठे जाऊ, कुणाला विचारू?”

मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोंड उघडलं, त्यातून हो आलं. त्याला तो स्वतःचा हो ऐकू आला असावा, कारण त्याने दात आवळले. वहिनीने डोळे पुसले, हाताला आली ती वायर उचलली आणि रागाने दुसरीला जोडायला गेली. तोच त्याचा डावा हात सटकन आला आणि तिच्या मनगटावर बसला. वायर खाली पडली.

तिला वाटलं, मारलं. चिडला, म्हणून मारलं. मनगट चोळत ती त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो वायरीकडे बघत होता.

तिने तीच वायर पुन्हा त्याच जागी नेली. पुन्हा फटका. दुसऱ्या जागी नेली. पुन्हा फटका. तिसऱ्या जागी नेली, तर हात मांडीवर तसाच राहिला.

मग दोघं कामाला लागले. ती काही विचारत नव्हती. वायर उचलायची, न्यायची, चूक असेल तर फटका खायचा, नसेल तर पिळून टेप लावायची. पैलवान टेप कापून द्यायचा. दुपारपर्यंत तिचं मनगट सुजलं, पण तिने हात बदलला नाही. चावी फिरवल्यावर इंजिन खोकलं आणि सुरू झालं, तेव्हा पैलवानाने दाराला डोकं टेकवलं.

त्याने गाणं लावलं. आवाज भरून आला, पेटीतला ठोका पाठीत लागला. पण गाण्याखाली एक बारीक शिट्टी होती आणि रेस वाढवली की तीही वाढायची. मिस्त्री अस्वस्थ झाला, डॅशबोर्डवर थापा मारू लागला. हे मात्र वहिनीला माहीत होतं. अर्थिंगचा स्क्रू रंगावरच कसला की गाडी गाण्यात रडते, हे त्याने गिऱ्हाइकांना सांगितलेलं तिने कितीदा ऐकलं होतं. तिने रंग खरवडून पत्रा उघडा केला, स्क्रू परत कसला. शिट्टी गेली.

क्लीनरच्या बाजूच्या दारातला स्पीकर काही वाजला नाही. ती वायर कुठे तुटली होती ते सापडेना आणि मिस्त्री थकून बसल्या जागी झोपला होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. वहिनी म्हणाली, उद्या पुन्हा बघू. पैलवानाने मान हलवली. “राहू द्या वहिनी. तिकडे बसायला आहे कोण?”

सगळे पत्रे बसवून झाल्यावर तो ट्रक घेऊन गेला. पुन्हा माल मिळाला, पण पहिल्यांचा नाही. आता लांबच्या खेपा करतो, महिनोन्महिने इकडे फिरकत नाही.

नंतर वहिनीने मिस्त्रीला आणखी काही वेळा दुकानात नेलं. एक टॅक्सी झाली, कुणाची तरी जुनी मोटार झाली. मग त्याचा हात नको तिथेही चालायला लागला, पाण्याच्या पेल्यावर, औषधाच्या चमच्यावर, बहिणीच्या तोंडावरसुद्धा. आणि मग चालायचा बंदच झाला. सकाळी चप्पल पुढे केली की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं.

आता ती एकटीच दुकान उघडते. मोठी कामं घेत नाही. रेडिओ बसवते, दारातले स्पीकर बदलते. तुम्हाला जमेल का, असं विचारून काही गिऱ्हाइकं परत जातात, काही थांबतात. संध्याकाळी ती पलंगाशी बसून मिस्त्रीला दिवसभरात काय काय जोडलं ते सांगते, आणि कधी कधी मुद्दाम चुकीचं सांगते. आपला हात त्याच्या डाव्या हाताजवळ ठेवते आणि थांबते. नणंदेने जेवायला हाक मारली की उठते.