टाकळ्याची भाजी आणि माझा चौदा वर्षांचा व्हॉल्व्ह

“बाई, व्हॉल्व्ह बदलावा लागेल. जुना झाला,” इको बघून कल्याणचे डॉक्टर म्हणाले. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छाती दुसऱ्यांदा उघडायची, आणि यावेळी जोखीम जास्त. विचाराला त्यांनी चार दिवस दिले.

मी मुरबाडजवळच्या शाळेत शिक्षिका. १९९२ साली माझ्या हृदयात मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम व्हॉल्व्ह बसला. त्याच्या दोन पाकळ्या उघडझाप करतात, त्याची टिकटिक मला ऐकू येते. २००६च्या श्रावणात मात्र फळ्यावर चार ओळी लिहिल्या तरी धाप लागायला लागली.

घरी आल्यावर मी कागद घेतला आणि प्रश्न लिहिले. अकरा झाले. सातवा असा होता: टिकटिक महिनाभरातच दबली, झीज इतकी झटपट होते का?

तो कागद घेऊन सासूबाईंसोबत मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. सातव्या प्रश्नावर ते थांबले. “झीज अशी होत नाही. आधी फ्लुरोस्कोपी करू.” म्हणजे चालता व्हॉल्व्ह एक्स-रेवर बघायचा. एक पाकळी अर्धीच उघडत होती.

“गोळी चुकली होती?”

रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन मी रोज घेते. गोळी घेतली की वहीत खूण करते; एकही चुकलेली नव्हती.

“आयएनआर?” रक्त किती पातळ आहे, हे सांगणारी ती तपासणी. ती मी दोन महिने केलीच नव्हती. पावसात जीपने कल्याण गाठायचा कंटाळा. चूक माझीच.

“खाण्यात काही बदल?”

मी नाही म्हणणार, तेवढ्यात सासूबाई बोलल्या. “बदल कसला? टाकल्याची भाजी तेवढी खाते. आषाढापासून रोज टोपभर. मीच रांधते. अंगात रगत नको व्हायला?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “रोज, आजी?”

“एक दिस चुकवला नाय!”

टाकळ्यासारख्या रानभाजीच्या हिरव्या पाल्यातलं व्हिटॅमिन के या गोळीचा जोर कमी करतं, असं त्यांनी समजावलं. रक्त दाट झालं होतं आणि पाकळीपाशी गुठळी धरली होती.

“म्हंजे येवढी महागाची गोली भाजीला भिते?” सासूबाई म्हणाल्या.

“भिते, आजी,” डॉक्टर हसले. “आधी गुठळी विरघळते का बघू. नाही विरघळली, तर ऑपरेशन.”

नऊ दिवस मी वॉर्डात होते. हेपारिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषध, शिरेतून चालू होतं. धाप कमी होत गेली. दहाव्या दिवशी पुन्हा फ्लुरोस्कोपी झाली. पडद्यावर दोन्ही पाकळ्या सताड उघडत होत्या! “हा व्हॉल्व्ह बदलायचा नाही,” डॉक्टर म्हणाले. मी टेबलावर झोपल्या झोपल्याच टाळी वाजवली.

प्रत्येकाचं ऑपरेशन टळेल असं नाही. पण हो म्हणण्याआधी ‘झिजलाय की अडकलाय?’ एवढं विचारा. पालेभाजी सोडू नका, प्रमाण सारखं ठेवा. आयएनआर चुकवू नका.

त्या हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन जवळच्या म्हसा गावच्या जत्रेला गेले. बैलबाजारापासून पाळण्यांपर्यंत सगळी जत्रा पायी फिरले. मागून त्या ओरडत होत्या, “अगो, हळू चाल! मला धाप लागली!”