झाकणांची अदलाबदल
मार्करचा वास आला की देवपूरच्या कॉलेजातली लॅब आठवते. पारोळ्याहून येणारी माझी प्रयोगातली जोडीदारीण पेशी वाढवायच्या कोणत्या डिशमध्ये काय घातलं, ते डिशच्या बुडावर न लिहिता झाकणावर लिहायची. एकदा डिशमध्ये हार्मोन घालून झाल्यावर झाकणांवरची वाफ पुसताना तिच्या हातून दोन झाकणांची अदलाबदल झाली. मी पाहिलं, पण बोलले नाही. आदल्या दिवशी तिने माझ्या इंग्लिश मिडियमच्या मराठीची नक्कल करून वर्गाला हसवलं होतं. हाड घडवणाऱ्या पेशींना ते हार्मोन दिलं की आतले ताठ धागे सुटतात, पेशी आकसते. तिच्या मात्र हार्मोन न दिलेल्याच पेशी आकसलेल्या दिसल्या. "बहीन, हाई बठ्ठं उलटं कसं व्हयनं?" सगळं उलटं कसं झालं, असं तिने मला तिच्या अहिराणीत विचारलं. "काय माहीत," मी म्हणाले. "घरी जाऊन भाकरी थाप," असं सर्वांसमोर सुनावून सरांनी तिला प्रोजेक्टमधून काढलं. आता मी शिकवते. मुलींना डिशच्या बुडावरच लिहायला लावते. कारण सांगत नाही.