शहिदाच्या हातात पाना

माझा धाकटा भाऊ रिसोडच्या एका दालमिलमध्ये फिटर होता. घरी आमचं माळवं. वांगी, भेंडी, मेथी. त्याला त्यात काडीचा रस नव्हता. चालू वस्तू खोलून ठेवायची आणि सामान आणतो म्हणून निघून जायचं, ही त्याची खोड. एकदा ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर अशीच खोलली, भेंडी पार माना टाकून बसली. मी ओरडले तर म्हणतो, "बाई, बंद पडाच्या आधीच दुरुस्त करून राह्यलो ना वं!"

मिलमध्ये मात्र त्याला मान होता. पट्टा तुटला, बेअरिंग गेली, की मालक त्याचीच वाट पाहत. ते सगळं सोडून हा फौजेच्या भरतीला गेला.

"तुले काय कमी हाय इथं?" मायनं रडून विचारलं.

"तिथं मोठ्या गाड्या हायेत, माय."

बस, एवढंच कारण. देशासाठी मरायचं वगैरे त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत लागला, तेव्हा तर लग्न ठरल्यासारखा खूश होता.

कारगिलची लढाई लागली आणि तो तिरंग्यात गुंडाळून आला. पुढं त्याच्या पलटणीतला एक जवान सुट्टीवर जाता जाता आमच्याकडे आला. ओसरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. घाटात ट्रक बंद पडला होता. मागं जवानांनी भरलेल्या गाड्या अडकलेल्या, वरून तोफगोळे पडत होते. भाऊ ट्रकखाली शिरला. ट्रक चालू झाला, सगळ्या गाड्या निघून गेल्या. हा पाने-पक्कड गोळा करायला मागं थांबला, तेवढ्यात गोळा फुटला. ऐकून मला रडू यायच्या आधी रागच आला. घरी कधी एक पाना जागेवर ठेवला नाही या माणसानं!

पण गावाला हे चालेना. दर पंधरा ऑगस्टला मायला स्टेजवर खुर्चीत बसवायचं आणि भाषण ठोकायचं: शत्रूवर तुटून पडला, छातीवर गोळ्या झेलल्या. एकदा मी भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला गाठलंच.

"तो गाडी दुरुस्त करत होता, भाऊ. तेच सांगा ना."

"बाई, लोकाईले असं सांगून कसं चालन?"

"काहून नाही चालत? मेला तो तसाच!"

मग पुतळा ठरला. माय म्हणाली, हातात पाना द्या. सगळे हसले. "शहिदाच्या हातात पाना, माय?" बंदूकच दिली. वर मिशाही दिल्या, ज्या त्याला कधी नव्हत्या.

पुतळ्याच्या कार्यक्रमात मायनं स्वतःच माईक ओढून घेतला. "माह्या पोरानं बंदुक नाही चालवली. बंद गाडी चालू केली. मागची पोरं त्याच्यानं वाचली." टाळ्या कडाडल्या. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पुढच्या वर्षी पुन्हा छातीवर गोळ्या.

तेव्हापासून माय जात नाही. यंदाही तिला न्यायला गाडी आली, तर ती सकाळीच टोपलं घेऊन वांगी तोडायला गेलेली. दारात आलेल्या माणसांना चहा मलाच करावा लागला. "आई येतील ना?" त्यांनी तीनदा विचारलं. मी म्हटलं, "वावरात जाऊन तुमीच विचारा." कडक इस्त्रीचे पांढरे कपडे होते. चिखलात कोणी उतरलं नाही.