कंडक्टरबाईची कंबर आणि सव्वीस नंबरचं लेणं

वर्षभर घरात सगळे माझ्या वतीनं बोलत होते. "आईला जिने चढवत नाहीत." "आईला प्रवास झेपायचा नाही." आणि मी तिथंच बसलेली असायची.

मी जालना डेपोची कंडक्टर. बावीस वर्षं उभ्यानं नोकरी केली. जळगावच्या गाडीवर "फर्दापूर, अजिंठा लेणीवाले उतरा" हे किती वेळा ओरडले असेन, पण लेणी एकदाही पाहिली नाहीत. पर्यटक उतरायचे, मी घंटी मारायची, गाडी घाट सोडून पुढं. मग कंबर गेली आणि नोकरी सोडावी लागली. डॉक्टर म्हणाले, "सध्या ऑपरेशन नको, जपून राहा." माझ्या मुलानं, गणेशनं, त्यातलं 'जपून' तेवढं लक्षात ठेवलं.

जुन्या मैत्रिणीकडून संभाजीनगरच्या नसरीन मॅडमचं नाव कळलं. छावणी भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना आहे. त्या ऑस्टिओपॅथी करतात, म्हणजे हातांनी उपचार. दीड महिन्यात तीनदा जाऊन आले होते. जालन्याहून एस.टी.नं दीडेक तास, बायकांना अर्धं तिकीट. चौथ्या वेळेला मात्र दोन मुक्कामांची पिशवी भरली. गणेशला सांगितलं, "उपचार झाले की अजिंठ्याला जाणार."

"कुणाबरोबर?"

"एकटी."



सोमवारी छावणीत पोचले. (सोमवारी अजिंठा बंद असतं, तेव्हा बेत आखताना हे ध्यानात ठेवा.) पहिल्या भेटीत मॅडमनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले होते. पाय बधिर होतो का, लघवीवर ताबा आहे ना, रात्री दुखण्यानं जाग येते का. रिपोर्ट नीट वाचून मगच हात लावला. तेव्हाच विचारलं होतं, "तुम्ही कायम डाव्या अंगावर टेकून उभ्या राहत होत्या का?"

मी चकित झाले. चालत्या गाडीत दोन्ही हात तिकिटात अडकलेले. डावा खुबा सीटच्या दांडीला टेकवूनच तोल सांभाळायचा असतो. बावीस वर्षं.

या वेळीही त्यांनी कंबरेपासून सुरुवात केली नाही. आधी डावा घोटा, मग बरगड्या. एक तळहात माकडहाडाखाली, दुसरा पोटावर ठेवून म्हणाल्या, "श्वास सोडा. धरून नका ठेवू." कडकड आवाज नाही, झटका नाही. हळूहळू आत कुठं तरी पीळ सैल पडत गेला.

"मॅडम, परवा अजिंठा चढू का?"

"हौ, चढा की. दुखेल, ते मी आत्ताच सांगते. दुखलं की बसायचं, श्वास घ्यायचा, मग उठायचं. पाय बधिर झाला तर मात्र तिथूनच परत. वचन द्या."

दिलं.

मंगळवारी अंग ठणकत होतं. लॉजवर पडून राहिले, संध्याकाळी बाजारात सावकाश फेरी मारली. बुधवारी सकाळची जळगाव गाडी पकडली. फुलंब्री, सिल्लोड, मग घाट. खिडकीशी बसून पहिल्यांदा तो घाट पाहिला. फाट्यावर उतरून लेण्यांच्या बसनं पायथ्याशी.

तिथं डोलीवाले घेरतात. त्यांतले रामदास, माझ्याच वयाचे, मागंच लागले. "ताई, बसा. सुरवातीचाच चढ लई वाईट हाय."

"नाय बसायचं. चालायचंय."

"तुमची चाल सांगती की."

"सांगू द्या."

तेवढ्यात गणेशचा फोन. "आई, डोली कर. हट्ट करू नको." मी फोन बंद करून पिशवीत टाकला.

पन्नासेक पायऱ्यांवर खुब्यात कळ आली. बसले. श्वास सोडला. पाय हलवून पाहिला, बधिर नव्हता. रामदास रिकामी डोली जोडीदाराकडं देऊन शेजारी टेकले. मला वाटलं आता पुन्हा आग्रह करतील. पण त्यांनी सदऱ्याची गळपट्टी सरकवून खांदा दाखवला. दांड्यानं लिंबाएवढा घट्टा पडलेला.

"दुखतं?"

"व्हय. पण आम्हीच बसलो तर लोकान्ला कोण उचलंल?" मग उठत म्हणाले, "चला, कठड्याच्या अंगानं चला. तिथं पायरी बुटकी हाय."

शेवटपर्यंत ते डोली विसरून बरोबर आले. पहिल्या लेण्यात अंधाराला डोळे सरावले आणि भिंतीवरचे चेहरे उजळत गेले, तेव्हा रडू आलं. पुढं चढउतार करत, चार ठिकाणी बसत, सव्वीस नंबर गाठलं. तिथं भिंतभर बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले, हात डोक्याखाली. मला वर्षभर कुठल्याच कुशीवर नीट झोपता आलेलं नाही. मी त्यांच्या पायांशी बराच वेळ उभी राहिले, कशालाही न टेकता.

उतरल्यावर फर्दापूरला रामदासना बळंच जेवायला बसवलं. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरवी मिरची. मॅडमच्या दवाखान्याचा पत्ता कागदावर लिहून दिला. त्यांनी घडी करून टोपीत ठेवला. जातील का, ठाऊक नाही.

घरी आल्यावर दोन दिवस कंबर बोलत होती, हे लपवणार नाही. सकाळी उठताना अजून वेळ लागतो. मॅडमच्या हातात जादू नाही, तसा दावा त्याही करत नाहीत. पण दुखतंय म्हणजे मोडतंय असं नाही, हे माझ्या अंगाला आता कळलंय.

गणेश ताटावर म्हणाला, "तिथं काही झालं असतं तर?"

मी म्हटलं, "दुखणं माझं आहे. त्याला घेऊन कुठं जायचं, ते मीच ठरवणार."

सुनेनं मान खाली घालून हसत माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.