तीन ली

जर्मनीतल्या येना शहरातल्या आमच्या लेन्सच्या प्रयोगशाळेत ली आडनावाची तीन माणसं होती: एक इंग्रज, एक चिनी आणि एक कोरियन बाई. आडनाव ऐकायला एकच, पण तिघांच्या घराण्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता.

ही कोरियन ली माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. "आल्झो", म्हणजे जर्मनमधलं 'तर', म्हणून थांबायची आणि मग मोजकं बोलायची. चिनी पाहुणे आले की साहेब तिलाच पुढे करत. "आल्झो, मी कोरियन आहे," ती दरवेळी सांगायची, आवाज न चढवता. साहेब हसून सोडून देत. आडनावावरून माणूस ठरवणारे लोक मी पुण्यातही सोसले होते, त्यामुळे डोकं माझंच तापायचं.

कित्येक महिने खपून तिने एक नवी लेन्स तयार केली. कौतुकाच्या कार्यक्रमात साहेबांनी पुकारलं, "हेर ली!" हेर म्हणजे श्रीयुत. इंग्रज ली उठला, पुष्पगुच्छ घेतला आणि माइकवर आभार मानू लागला. लेन्स कोणाची हे त्यालाही ठाऊक होतं आणि टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकालाही.

ती चालत पुढे गेली. त्याच्या हातातला गुच्छ काढून घेतला आणि माइकपाशी वाकली.

"लेन्स मी केली आहे. टाळ्या आता वाजवा."

मी उभा राहिलो आणि तळवे झोंबेपर्यंत टाळ्या वाजवल्या. दुसरं कोणीही उठलं नाही. साहेबांनी घड्याळात पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.